वरची खोलगट, खालची फुगीर

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि आधी आठवली ती गच्ची, मग सर. कोणते सर, ते सांगायला नकोच. पीटीचा तास मागून घेऊन त्यात विज्ञान शिकवणारे आपल्या शाळेत एकच होते.

मार्च 1986. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली आणि सरांनी आम्हा नववीच्या मुलांना पहाटे साडेचारला गच्चीवर बोलावलेलं, हॅलेचा धूमकेतू बघायला. शहात्तर वर्षांनी येणारा पाहुणा म्हणून आम्ही कसल्या कसल्या कल्पना करून गेलो होतो! दिसला तो डस्टर नीट न फिरवलेल्या फळ्यावरच्या डागासारखा. मी तसं बोलूनही गेलो.

"मग दुर्बीण कर की," सर म्हणाले.

"कुठे मिळते सर?"

"घे नाही म्हटलं. कर म्हटलं."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी काचेच्या दोन जाड चकत्या काढल्या, मध्ये चाळलेली ओली वाळू घातली आणि मला घासायला बसवलं. आठवडाभर प्रत्येक मधली सुट्टी त्यातच गेली. त्या करकरीने शिपाईकाका वैतागून दार लावून घ्यायचे. शनिवारी सरांनी वरच्या चकतीवर पट्टी उभी धरली. मधोमध, पट्टीच्या खालून, केसाएवढा उजेड दिसत होता! "वरची आपोआप खोलगट होते, खालची फुगीर. दुर्बिणीचा आरसा असाच करतात. घासत राहिलास की होतोच," सर म्हणाले. ते 'होतोच' मी पुढे जवळजवळ चाळीस वर्षं सांभाळलं.

सांभाळलं म्हणजे नुसतंच सांभाळलं. नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणं. दुर्बीण यादीत कायम शेवटी. 2022 मध्ये एकदाची सहा इंची काच आणली. 80 नंबरच्या कार्बोरंडमने, म्हणजे घासायच्या पावडरीने (नंबर जितका मोठा तितकी ती बारीक), सुरुवात केली आणि पायरी पायरीने 600 पर्यंत जायचं ठरवलं. एवढं घासून मधोमध खोली किती हवी, तर जेमतेम 1.2 मिलिमीटर. 400 नंबरवर होतो तेव्हा कुठूनसा जाड पावडरीचा एक कण आला आणि काचेवर लांबलचक ओरखडा उठला. बहुतेक माझ्याच टॉवेलमधून आला असावा. परत 120 वर. त्या रात्री काच फेकून द्यावीशी वाटली होती.

मग डांबराच्या थरावर सीरियम ऑक्साइडने पॉलिश आणि शेवटी आरशाचा आकार तपासणारी फूकोची चाचणी: आठ फुटांवर बारीक दिवा, त्याच्याशेजारी ब्लेडची धार, आणि आरशावर सावल्या. गंमत म्हणून आरशाला क्षणभर बोट टेकवलं. बोटाच्या उबेने काच फुगली होती आणि चाचणीत तिथे चक्क टेकडी दिसत होती! मिनिटा-दोन मिनिटांत ती विरली. एवढ्या काचेत माझं बोट मला असं दिसेल, हे काही सरांनी सांगितलं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात पहिल्यांदा शनी पाहिला. 2025 मध्ये त्याची कडी आपल्याकडे धार करून होती, त्यामुळे दिसली ती मण्यातून आरपार गेलेल्या सुईसारखी. 1612 मध्ये गॅलिलिओला तर ती दिसेनाशीच झाली होती. मला सुई मिळाली, तक्रार नाही.

लगेच सरांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी स्वतः कधी पुरा केला नाही रे आरसा. वाचलं होतं फक्त."

म्हणजे मी इतकी वर्षं कशाच्या जोरावर बसलो होतो, बघा.

मधे एकदा शाळेत येऊन गेलो. गच्चीला कुलूप होतं आणि फाटकाजवळच्या नव्या दिव्याने अख्खं पटांगण पांढरं केलं होतं. सुरक्षेसाठी असेल, पण एकही तारा दिसत नव्हता. संमेलनाच्या रात्री मी दुर्बीण घेऊन येतो आहे. सरांना आता जिना चढवत नाही, त्यामुळे गच्चीची किल्ली राहू द्या. पटांगणात एक खुर्ची ठेवा आणि तो दिवा तेवढा तासभर बंद करा.