गुहागर-हेदवी: कवडशांचे दोन दिवस

कृष्णधवल फोटोंसाठी गुहागरला यायचं तर डिसेंबर गाठा. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास इथे दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो, सावल्या पायाखाली जिरतात. डिसेंबरात तो भर दुपारीही ५० अंशांच्या आतबाहेरच चढतो. ५ फुटी माणसाची सावली सव्वाचार फूट पडते. चिपळूण स्टेशनपासून अंतर साधारण ४५ किलोमीटर.

पहिली सकाळ किनाऱ्यावर. सूर्य डोंगरामागून येतो, त्यामुळे सुरूंच्या सावल्या समुद्राकडे पसरतात. तो १२ अंशांवर असताना त्या झाडाच्या जवळजवळ ५ पट लांब असतात, पुढच्या तासाभरात निम्म्या होतात. खोडं चौकटीबाहेर ठेवा, नुसत्या सावल्या घ्या.

साडेनऊला वाडीत शिरा. खरा माल इथेच आहे, सूर्यास्ताच्या पॉइंटवर नाही. पोफळींखालचा प्रत्येक गोल कवडसा म्हणजे सूर्याचीच प्रतिमा, झावळांतली बारीक फट कितीही वेडीवाकडी असो. उन्हाच्या रेषेत फट जमिनीपासून जितकी दूर, त्या अंतराच्या सुमारे १०८वा भाग कवडशाची रुंदी: १२ मीटरला ११ सेंटिमीटर. ऊन तिरकं असलं की तो लंबगोल होतो. वाऱ्यावर झावळा हलतात, म्हणून शटर १/२५० सेकंद किंवा वेगवान. १/४ ला कवडसे एकमेकांत मिसळून नुसता राखाडी चिखल उरतो.

स्पॉट मीटर (चौकटीतल्या छोट्याशा ठिपक्याचाच उजेड मोजणारी सेटिंग) कवडशावर धरा आणि दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पूर्ण चौकटीवर मोजलंत तर कॅमेरा अंधार उजळायला धावतो आणि कवडसा जळतो, म्हणजे नुसता पांढरा होतो. तो रॉमधूनही (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधूनही) परत मिळत नाही. सावल्या आपोआप उजळणारी सेटिंग बंद करा. स्क्रीन मोनोक्रोम, फाइल रॉ.

पाखाडीवर, म्हणजे चिऱ्यांच्या पायवाटेवर, रंगाचा खेळ कळतो. जांभा तांबडा, तर सावलीला उजेड मिळतो तो निळ्या आभाळाचा. लाल फिल्टर लावला की उन्हातला चिरा उजळतो आणि सावली आणखी काळी पडते. तिरक्या उन्हात चिऱ्याच्या एकेका भोकात काळा ठिपका बसतो, टाकीचे घाव मोजता येतात. फिल्म असेल तर सुमारे ३ स्टॉप जातील, ट्रायपॉड हवाच. डिजिटलवर फोटो कृष्णधवल करताना निळ्याचा स्लायडर फार खाली ओढू नका, सावलीत दाणे उठतात.

जुन्या घरांत काचेचं कौल कुठे आहे ते विचारा. चूल पेटलेली असताना धुरात झोत दिसतो, पण उजेडाकडे तोंड करून आणि मागे काळोखी भिंत असेल तरच. उजेड पाठीशी घेतलात तर झोत गायब. (आधी घरच्यांना विचारा, वहिनींच्या स्वयंपाकात ट्रायपॉड रोवू नका.)

दुसरी दुपार हेदवीची बामणघळ (समुद्राकाठच्या कातळातली अरुंद घळ), भरतीच्या वेळी. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवा. उतरता सूर्य समुद्राकडून येतो, काळ्या कातळावर उसळलेलं पाणी पाठीमागून पेटतं. शटर १/१०००. कडेला जाऊ नका, खडक निसरडा असतो.

एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. खारं पाणी उडालं तर आधी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बॉडी टिपा. कोरडं घासलंत तर मिठाचे कण चरे पाडतात.