पी०१७१ चा माग: स्कॅनरच्या वहीतून

पहिला शनिवार

चेक इंजिनचा पिवळा दिवा गुरुवारी लागला. गाडी पळायला ठीक होती, फक्त उभी असताना आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचं फिरणं) किंचित डगमगत होतं. मागे एकदा असाच दिवा लागला होता, तेव्हा मी स्कॅनरने कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) वाचला आणि लगेच पुसून टाकला. दिवा गेला, आठ दिवसांनी परत आला. पण पुसताना कोडसोबत साठलेली माहितीही गेली होती, त्यामुळे तपास पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आता नियम असा की सगळं वहीत उतरल्याशिवाय 'इरेज'ला हात लावायचा नाही.

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनरचा अडॅप्टर लावला आणि चावी ऑन केली. (हे ओबीडी-२ सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचं झालं. एकच अडॅप्टर इतक्या वेगवेगळ्या गाड्यांना चालतो तो त्यामुळेच.) कोड एकच निघाला: पी०१७१, सिस्टीम टू लीन, बँक १. म्हणजे सिलिंडरच्या पहिल्या रांगेत पेट्रोलच्या मानाने हवा जास्त.

लीन कोड दिसला की बरेच जण आधी ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलतात. मला ते पटत नाही. सेन्सरने तक्रार नोंदवली म्हणून त्यालाच दोषी धरण्यासारखं आहे ते. कोड फक्त कुठल्या मोजमापात गडबड दिसली ते सांगतो, कुठला पार्ट गेला ते नाही.

मग फ्रीझ फ्रेम उघडली. कोड पडला त्या क्षणाचे आकडे ईसीयू (इंजिनचा संगणक) त्यात जपून ठेवतो. माझ्या गाडीचे हे: कूलंट ८९ अंश, ७४० आरपीएम, वेग शून्य, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या मापातली दुरुस्ती) +२१ टक्के. म्हणजे इंजिन पूर्ण गरम होतं, गाडी जागेवर उभी होती, आणि ईसीयू मूळ हिशेबापेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त पेट्रोल वाढवून कसंबसं निभावत होता. या चार आकड्यांनी मला कोडपेक्षा कितीतरी जास्त सांगितलं.

रविवार

आजचा सगळा वेळ फ्युएल ट्रिमवर गेला, आणि स्कॅनर घेतल्यापासून मला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे.

शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे ईसीयूची त्या घडीची दुरुस्ती. ऑक्सिजन सेन्सर सांगेल तसं पेट्रोल कमी-जास्त करायचं. तीच दुरुस्ती सतत लागत राहिली की ईसीयू ती शिकून घेतो आणि लाँग टर्ममध्ये जमा करतो. दोन्हींची बेरीज बघायची. नुसता शॉर्ट टर्म पाहिला तर फसगत होते, कारण लाँग टर्मने सगळा भार उचललेला असेल तर शॉर्ट टर्म शहाण्यासारखा शून्याच्या आसपास बसून राहतो. बेरीज उणे १० ते अधिक १० च्या आत असली की मी सहसा पुढे खणत नाही.

आयडलला शॉर्ट +४, लाँग +२०. बेरीज २४. मग ॲक्सिलरेटर हलका दाबून २५०० आरपीएमवर धरला. बेरीज ७ वर आली!

इथेच माग लागला. थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पुढे, इंजिनाच्या बाजूला कुठेतरी भोक असेल तर आयडलला तिथून सगळ्यात जोरात हवा ओढली जाते, कारण तेव्हा मॅनिफोल्डमधला (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम जास्त असतो. शिवाय आयडलला इंजिन एकूण हवाच थोडी घेतं, त्यामुळे चोरवाटेने आलेल्या हवेचा हिस्सा मोठा दिसतो. आरपीएम वाढले की तोच हिस्सा किरकोळ होतो. एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) मळला असता किंवा फ्युएल पंप कमजोर असता, तर उलट चित्र दिसलं असतं: लोड वाढेल तसा ट्रिम वर चढला असता. हे गणित एअर फ्लो सेन्सरवाल्या गाडीचं आहे बरं का. नुसता मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असेल तर ती जादा हवा त्याच्या मोजमापात येते, आणि ट्रिमपेक्षा चढलेलं आयडल आधी दिसतं.

बॉनेट उघडून आधी एअर फ्लो सेन्सर ते थ्रॉटलमधला रबरी पाइप घडी न् घडी उलगडून पाहिला. चीर नाही. मग मॅनिफोल्डला जोडलेले होज एकेक करून, पक्कडीला फडकं गुंडाळून, क्षणभर दाबायचे आणि मोबाईलवर शॉर्ट टर्म बघायचा. (कार्ब क्लीनर फवारून लीक शोधणारे आहेत, पण तापल्या इंजिनावर पेटणारी वस्तू मी मारत नाही.) दोन होज दाबून आकडा हलला नाही. तिसरा, पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातल्या वाफा मॅनिफोल्डकडे नेणारा), दाबताच शॉर्ट टर्म काही सेकंदांत +४ वरून उणे १६ वर उतरला आणि आयडल शांत झालं. तेवढ्या वेळात लाँग टर्म २० वरच होता, म्हणजे बेरीज ४. सापडलं.

होज काढला. मॅनिफोल्डकडच्या वळणावर, खालच्या अंगाला चीर होती. वरून बोट फिरवलं तरी कळली नसती. आतून तेलाच्या वाफेने रबर फुगून मऊ पडलं होतं.

पुढचा शनिवार

नवा होज बसवला, दोन्ही क्लॅम्प बदलले. मगच कोड पुसला. पुसल्यावर शिकलेले ट्रिमही शून्यावर येतात, त्यामुळे लगेच दिसणाऱ्या आकड्यावर मी विश्वास ठेवला नाही. दोन दिवस नेहमीसारखी गाडी चालवून मग पाहिलं: आयडलला बेरीज +३, २५०० वर +२.

लाइव्ह डेटा बघताना एक सवय लावून घेतली आहे: एकावेळी तीन-चारच आकडे निवडायचे. वीस निवडले की हा ब्लूटूथ अडॅप्टर प्रत्येकाला आळीपाळीने विचारत बसतो आणि आकडे रेंगाळतात. काम झालं की अडॅप्टर काढून ठेवायचा, कारण १६ व्या पिनला बॅटरी कायम जोडलेली असते.

आज

रेडिनेस मॉनिटर (कोड पुसल्यावर ईसीयू पुन्हा करत असलेल्या स्वतःच्या चाचण्या) पाहिले. ईव्हॅप (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा अडवणारी यंत्रणा) सोडून बाकी सगळे पूर्ण. ईव्हॅपची चाचणी टाकी काठोकाठ किंवा जवळपास रिकामी असताना होत नाही, आणि माझी काल काठोकाठ भरली आहे. पेट्रोल निम्म्यावर आलं की रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर पुन्हा बघेन.

पेंडिंगमध्ये (अजून पक्के न झालेल्या कोडांच्या यादीत) मात्र एक नवा कोड आहे: पी०३०३, तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट न पेटणं. दिवा अजून लागलेला नाही. पेंडिंगची यादी आधीच पाहिली नसती तर हे आज कळलंच नसतं. तोच दिवा कधी लुकलुकायला लागला तर मात्र गाडी पळवत राहायची नाही, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो तापून निकामी होतो.

इंजिन थंड असताना, चावी बंद करून, तिसऱ्याचा कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारा) पहिल्यावर आणि पहिल्याचा तिसऱ्यावर लावला आहे. प्लग मुद्दाम हलवले नाहीत, एकावेळी एकच बदल. आता पी०३०१ आला तर कॉइल दोषी. पी०३०३ च राहिला तर प्लग काढून बघायचा, आणि तोही चांगला निघाला तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशन गेज मित्राकडून मागून ठेवलं आहे.