रिकाम्या फ्रेमचं मानधन

डेन्मार्कमध्ये राहून इतकी वर्षं झाली, पण इथल्या नोटा मी क्वचितच हातात घेतल्या असतील. सगळे व्यवहार फोनवर. त्यामुळे ‘म्युझियमच्या नोटा चित्रकारानं लंपास केल्या’ ही बातमी 2021 मध्ये आली तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, एवढी रोकड आली कुठून?

ती ऑलबॉर्गच्या कुन्स्टेन म्युझियमनंच दिली होती. येन्स हॉनिंग या कलाकारानं पूर्वी दोन कलाकृती केल्या होत्या: एका डॅनिश आणि एका ऑस्ट्रियन माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न, खऱ्या नोटांच्या रूपात, फ्रेममध्ये. त्या पुन्हा करून द्यायच्या, प्रदर्शन संपलं की नोटा परत, असा लेखी करार झाला. प्रदर्शनाचा विषय होता माणूस आणि त्याचं काम. हॉनिंगनं फ्रेम पाठवल्या, त्या कोऱ्या. नवं नाव ‘टेक द मनी अँड रन’. पैसे घेणं हीच कलाकृती, असं त्याचं म्हणणं. मिळणाऱ्या मानधनात हे काम करायचं तर पदरचे पैसे घालावे लागतील, अशी त्याची तक्रार होती.

म्युझियमनं काय करावं? फ्रेम टांगल्या!

मीही हौसेनं गेले. फिनलंडचा वास्तुविशारद आल्वार आल्तो याच्या त्या इमारतीत दिवसाचा उजेड फार सुंदर उतरतो, पण इथे तो कशावर पडायचा? माझ्यापुढच्या बाई वाकून शेजारची पाटी वाचायच्या, मान वर करून फ्रेमकडे बघायच्या, पुन्हा पाटी. तीनदा. मला हसू आलं, मग लक्षात आलं की मीही तेच करतेय. खरं सांगायचं तर नोटा असत्या तर मी किती आहेत ते मोजलं असतं आणि पुढे सरकले असते.

प्रकरण कोर्टात गेलं. सप्टेंबर 2023 मध्ये कोपनहेगनच्या न्यायालयानं पैसे परत करायला सांगितलं. घेतलेले 5,32,549 क्रोनर, त्यातून 40,000 वजा, बाकी 4,92,549. मला सगळ्यात मजा वाटली ती त्या वजाबाकीची. ते 40,000 म्हणजे त्याचं मानधन. उसनी रक्कम परत कर, पण फ्रेम भिंतीवर लागल्या होत्या, लोकांनी पाहिल्या होत्या, तेव्हा त्याचा मोबदला तुझाच. कोऱ्या फ्रेमला कला म्हणायचं की नाही यावर आम्ही ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तावातावानं भांडलो होतो. आणि इथे हिशेबाच्या एका ओळीत तिची बिदागी मांडून झाली होती.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे 40,000 त्याला मिळाले, फ्रेम म्युझियमला. आणि तू तिकीट काढून गेली होतीस?”

“हो गं.”

“कितीचं होतं?”

मी विषय बदलला.