आमची वाटचाल : पहिली ऑर्डर देणारं कुणीतरी हवं

आमचा व्यवसाय पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा. छपाई, कटिंग, घडीच्या रेघा पाडणं, चिकटवणं, सगळं सुरुवातीला एकाच छपराखाली चालायचं. काम वाढलं तेव्हा आणखी माणसं नेमण्याऐवजी कामाचा काही भाग बाहेर द्यायचं ठरलं, आणि तो नव्याने धंद्यात उतरणाऱ्या तरुणांनाच द्यायचा हेही. आज चिकटवणं आणि कमी संख्येची छपाई आमच्याकडे होतच नाही. ती करणारी छोटी युनिट्स स्वतंत्र मालकीची आहेत, आणि त्यांतले बरेचसे मालक कधीकाळी आमच्याच मशीनवर उभे असायचे.

तरुणांना मदत म्हटलं की बोलणं लगेच कर्जावर येतं. कर्ज लागतंच. पण आम्ही पाहिलं ते असं की भांडवल कसंबसं उभं राहतं, गाडं अडतं ते पहिल्या गिऱ्हाइकापाशी. आधी कुणाचं काम केलेलं नाही म्हणून ऑर्डर मिळत नाही, आणि ऑर्डर मिळत नाही म्हणून काम केलेलं दाखवता येत नाही. म्हणून आम्ही घाई नसलेली, लहान ऑर्डर देतो. नमुना पास झाला की संख्या वाढवतो. पुठ्ठा आमचा, मजुरी त्यांची, म्हणजे त्यांचा पैसा मालात अडकत नाही.

दुसरी गोष्ट बिलाची. माल तपासून झाला की त्याच आठवड्यात पैसे. यात आम्ही उपकार करत नाही. समजा कुणी कच्चा माल स्वतः रोखीने घेतो, बिलातले साठ टक्के त्यातच जातात आणि गिऱ्हाईक पैसे देतं दोन महिन्यांनी. दर महिन्याला सारखंच काम केलं तरी पहिला पैसा हाती येण्याआधी महिन्याच्या बिलाच्या एकशेवीस टक्के रक्कम नुसत्या मालात गुंतते. भाडं, वीज, मजुरी वेगळी. काम दुप्पट झालं तर अडकलेली रक्कमही दुप्पट. वहीत नफा दिसतो आणि गल्ला रिकामा असतो. चांगली चालणारी युनिट्स भरपूर ऑर्डर हातात असताना बंद पडतात ती अशी, आणि दोष मात्र त्या मुलाच्या अनुभवाला दिला जातो. मला हे फार लागतं.

दर काढायला आम्ही त्यांच्या शेजारी बसतो. स्वतःची मजुरी, वाया जाणारा माल, मशीन बंद असलेले दिवस, हे बहुतेकांच्या पहिल्या दरात नसतंच. असा दर आला तर स्वस्त पडतो म्हणून आम्ही तो घेत नाही, परत पाठवतो. घरच्यांचे श्रम फुकट धरून लावलेला दर टिकत नाही, आणि ते युनिट मध्येच थांबलं तर आमचाही माल अडकतो.

१९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात महंमद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी ४२ जणांना मिळून स्वतःच्या खिशातून २७ डॉलर उसने दिले. पुढे १९८३ मध्ये गरिबांना लहान कर्जं देणारी ग्रामीण बँक उभी राहिली, ती याच कामातून. ही गोष्ट लहान कर्जाची म्हणून सांगितली जाते. मला त्यातली दुसरी बाजू मोठी वाटते. त्या गावात बांबूची स्टुलं विणणाऱ्या एका बाईच्या हातात कसब होतं, पण बांबूसाठी पैसे देणारा व्यापारीच तिचा माल त्याच्या दराने उचलायचा. एकाच गिऱ्हाइकाला बांधलेला कारागीर मालक कसा म्हणायचा?

आमच्याही बाबतीत तोच धोका आहे, कारण या युनिट्सचं पहिलं गिऱ्हाईक आम्हीच असतो. म्हणून नियम केला: कुणाच्या विक्रीत आमचा वाटा निम्म्याहून जास्त राहिला, तर त्याला दुसरी गिऱ्हाइकं मिळवून द्यायला आम्हीच मदत करायची. ओळख करून देतो, आमच्याकडच्या कामाचा दाखला देतो. त्यातून काही कामं थेट त्यांच्याकडे गेली, जी आम्हाला मिळाली असती. ती गेल्याचं दुःख नाही, कारण वेळेवर आणि नीट काम करणारी युनिट्स आजूबाजूला असल्यामुळेच आम्ही मोठ्या ऑर्डरला हो म्हणू शकतो.

आता कटिंगही बाहेर द्यायचं आहे. ते मशीन महाग, नव्या माणसाने पहिल्याच वर्षी त्याच्या हप्त्यात अडकू नये. म्हणून मशीन आमच्याकडेच राहील आणि तासाच्या हिशोबाने वापरायला मिळेल. दोघी मैत्रिणी मिळून हे काम घ्यायला तयार आहेत. त्यांच्याकडून दर मागवलाय, स्वतःची मजुरी धरून.