आमची वाटचाल : लडीतला रंग आणि विणीतला रंग

शेडमागच्या अक्रोडाची हिरवी फळं टपटप पडायला लागली की आमचं नवं वर्ष सुरू होतं. हिशेबाच्या वह्या काय म्हणायचं ते म्हणोत. उन्हाळाभर लोकरीचं नाव कोणी काढत नाही. मग एका सकाळी गवतावर दव दिसतं, धुकं दुपारपर्यंत हलत नाही आणि आठवड्याभरात सगळ्यांना एकदम सुया आठवतात. हा आमचा नववा शरद. दोन माणसं, चार पातेली, एक वजनकाटा. दोघांपैकी एक मी आणि दुसरी माझी आत्या. मी लोकर रंगवते, ती विणते.

सुरुवातीला मात्र आत्या यात नव्हती. धंदा मी रंगापासून सुरू केला आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला सुलट-उलट टाक्यांपलीकडे विणकाम येत नव्हतं. न रंगवलेल्या लोकरीच्या लडी आणायच्या, रंगवायच्या, पीळ घालून विकायच्या, एवढाच बेत होता. लोकर रात्रभर पाण्यात भिजवून ठेवायची, कारण कोरडी टाकली की रंग डागाडागांनी चढतो. पातेल्यात पाणी, त्यात आम्लात चढणारा रंग आणि थोडं सायट्रिक अॅसिड, मग लोकर, मग मंद आच. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर अर्धा तास गेला की पातेल्यात एक गंमत होते. गडद लाल पाणी हळूहळू फिकं होत जातं आणि शेवटी नितळ होतं. सगळा रंग लोकरीने पिऊन टाकलेला असतो. हजारदा पाहिलंय, तरी झाकण उचलून चमचाभर पाणी पांढऱ्या बशीत घेऊन बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पहिल्या महिन्यात घाईपायी एक गरम लड मी थेट नळाखाली धरली आणि वर चोळलीही. लोकरीच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात. अचानक थंड-गरम झालं आणि त्यात घासलं की ते एकमेकांत अडकतात आणि मग कोणी सोडवू शकत नाही. लडीचा नमदा झाला. तो अजून पातेलं उतरवायला वापरते. तेव्हापासून लोकर ज्या पाण्यात रंगली त्याच पाण्यात गार होते, मग कितीही घाई असो.

पण माझी मोठी चूक ही नव्हती. ती त्याच शरदात केली, आणि ती चांगली खपली.

दारातून दिसत होतं ते सगळं मी एका लडीत ओतलं. भिंतीवरच्या वेलीचा जांभळट लाल, गळत्या पानांचा तांबूस, वाळक्या गवताचा पिवळा, दगडावरचं शेवाळ, वरून अक्रोडाच्या तपकिरीचे शिंतोडे. पीळ घातलेली ती लड हातात घेतली की ठेववत नसे. बारीक दोन पदरी लोकर, लेसच्या शालींसाठीच म्हणून घेतलेली. चार दिवसांत सगळ्या लडी गेल्या. मला वाटलं, जमलं!

महिन्याभराने आत्या राहायला आली. तिने उरलेली एक लड उचलली, गुंडा केला आणि नमुना विणायला बसली. लाटांची जुनी वीण होती, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची, अठरा टाक्यांच्या पटीतली. सुई म्हणजे इथे विणीची एक ओळ; चार सुयांपैकी तीन साध्या. जाळीच्या सुईला आधी तीनदा दोनाचा एक, मग सहा वेळा जाळी (म्हणजे छिद्र पाडणारा धाग्याचा नुसता वेढा) घेऊन एक सुलट, मग पुन्हा तीनदा दोनाचा एक. सहा टाके कमी, सहा वाढ, अठराचे अठरा. एवढ्यावर कापड आपोआप लाटांसारखं वरखाली होतं. तळहाताएवढा तुकडा झाल्यावर तिने तो माझ्यासमोर धरला.

"यात लाट दिसतेय का गं तुला?"

"नाही."

"मलाही नाही. आणि विणलीय मी."

खरंच दिसत नव्हती. ठिपके, पट्टे, कुठे जांभळ्याचं डबकं, कुठे पिवळ्याचा ओघळ. छिद्रं होती, पण ती कापडाला पडलेल्या भोकांसारखी. लेस म्हणजे शेवटी भोकं आणि त्यांच्या बाजूने कललेले टाके. उजेड कुठून जातो आणि कुठे अडतो यावर सगळी नक्षी उभी. दर दोन बोटांवर रंग बदलला की डोळा रंगामागे धावतो, टाक्याचा कल त्याला दिसतच नाही. मी लड सजवली होती आणि शाल मारली होती. मग आठवलं, विकत घेणाऱ्यांपैकी दोघींनी लिहिलं होतं की लोकर फार सुंदर आहे, विणायला घेतली पण मन लागलं नाही म्हणून ठेवून दिली. मी ते कौतुक समजले होते.

ज्यांच्या लेसचं जगात नाव आहे त्यांची कामं मग मी नीट पाहिली. शेटलंडमधलं सगळ्यात उत्तरेचं वस्तीचं बेट अन्स्ट, रशियातलं ओरेनबुर्ग, एस्टोनियातलं हापसालू. अंगठीतून आरपार जाणाऱ्या शालींसाठी ही ठिकाणं ओळखली जातात. ओरेनबुर्गची शाल बकरीच्या मऊ लवेची, हापसालूच्या शालीत पाच-सात टाके एकत्र आवळून केलेल्या गाठींच्या कळ्या. आणि यातल्या जुन्या शाली बहुतेक पांढऱ्या, नाहीतर जनावराच्या अंगच्या करड्या-तपकिरी रंगाच्या. शेटलंडच्या बायकांना रंगवता येत नव्हतं असं मुळीच नाही. जवळच्याच फेअर आयल बेटाची रंगीबेरंगी वीण प्रसिद्ध आहे. पण तिथे नक्षी रंगाने काढायची असते, जाळीने नाही. एका कापडात दोन्ही बोलायला लागले की काही ऐकू येत नाही.

आत्या परत गेली नाही. म्हणजे जाते, येते, पण तिच्या सुया इथेच असतात. तेव्हापासून आमच्याकडचा कुठलाही लेसचा रंग तिने नमुना विणून "सोड" म्हटल्याशिवाय विकायला जात नाही. "नाही" म्हटलं की नाही. पहिल्या वर्षी तिने निम्म्याहून जास्त रंग परतवले आणि आमचं दोन महिने बोलणं कमी झालं होतं, हेही लिहून ठेवते.

मग मी एकरंगी रंगवायला शिकले. ऐकायला सोपं वाटतं. अगदी सपाट एकरंगी लोकर गिरणीसुद्धा देते, ती आमच्याकडून कोणी कशाला घेईल? हाताने रंगवलेल्यात थोडी उन-सावली हवी, पण इतकीच की टाक्याच्या आड येऊ नये. त्यासाठी पातेल्यात पाणी कमी ठेवते, लोकर जेमतेम बुडेल एवढं. रंग एकदम न टाकता तीन वेळा, वेगवेगळ्या कडेने. ढवळायचं नाही, फक्त एकदा उलटायचं. मग गडद आणि फिका यांतलं अंतर एका घरात राहतं. आता मी वेलीचा लाल वेगळा रंगवते, पानाचा तांबूस वेगळा, शेवाळ वेगळं. तिन्ही लडी शेजारी टांगल्या की शरद दिसतो. एकाच लडीत कोंबायची गरज नव्हती.

लोकरही बदलली. यंत्रात धुता येणारी लोकर रंगायला फार सोपी, कारण तिच्या खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते. रंग भराभर चढतो आणि झगझगीत दिसतो. पण लेस ताणून वाळवली की साधी लोकर जो आकार धरून ठेवते तसा तिच्यात टिकत नाही, कडेची टोकं हळूहळू ढिली पडतात. आम्ही लेससाठी ती बंद केली. साध्या लोकरीवर तोच रंग थोडा मंद येतो आणि त्यामुळे काही ग्राहक गेले. गेले ते गेले.

वनस्पतींचे रंग हा वेगळा नाद. अक्रोडाच्या फळावरची हिरवी सालं बादलीत भिजत घातली की काही दिवसांत पाणी काळं होतं आणि त्यात लोकर तुरटीशिवायही पक्की तपकिरी होते. हातमोजे घातले नाहीत तर बोटंही होतात, तीही पक्की. बाकी बहुतेकांना आधी तुरटी लागते, लोकरीच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के. झेंडू पिवळा देतो. त्यात चिमूटभर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पडलं की तोच रंग उदास शेवाळी होतो, आणि चिमूट मोठी झाली की लोकर खरखरीत. मंजिष्ठाच्या मुळांना सत्तर अंशांच्या वर तापवलं की लाल जाऊन विटकरी तपकिरी उरतो, म्हणून त्या पातेल्याजवळून हलायचं नाही. हळदीच्या लडींवर मी एकदा अशीच भाळले. सोन्यासारख्या होत्या. खिडकीपाशी टांगलेल्या लडीची उन्हाकडची बाजू थोड्याच दिवसांत उडाली आणि विकलेल्या सगळ्या लडी मला परत मागवाव्या लागल्या. आता प्रत्येक नव्या रंगाचा धागा पुठ्ठ्यावर गुंडाळून, अर्धा झाकून, उन्हाच्या खिडकीत ठेवते. झाकण काढल्यावर रेघ दिसली तर तो रंग बाद.

नैसर्गिक रंग म्हणजे आपोआप चांगला, असं मात्र आमच्या लेबलावर कधी येणार नाही. १८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग आला. तिथून सुरू झालेल्या कारखानी रंगांनी रंगाऱ्याच्या कितीतरी कटकटी संपवल्या. माझी निम्मी पातेली त्यांच्यावरच चालतात. आमच्या दृष्टीने प्रश्न एवढाच की रंग टिकतो का आणि जाळी दिसते का.

चौथ्या वर्षी आम्ही मोठं व्हायला निघालो. एका दुकानाने एकाच रंगाच्या साठ लडी मागितल्या. आमच्या पातेल्यात एका वेळी पाच बसतात, म्हणजे बारा घाणे. दिवस लहान झालेले, म्हणून मी संध्याकाळी शेडच्या पिवळ्या दिव्याखाली रंग जुळवत राहिले. दिव्याखाली साठही लडी बहिणी-बहिणी वाटत होत्या. सकाळी दाराबाहेर दोरीवर टांगल्या आणि पोटात गोळा आला. चार घाण्यांच्या लडी हिरवट, दोन लालसर. एका उजेडात जुळलेले रंग दुसऱ्या उजेडात फुटतात हे मी वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. तरी मी मिसळून पाठवल्या, कोणाच्या लक्षात येणार नाही म्हणून. चाळीस परत आल्या. त्या माणसांचं काही चुकलं नव्हतं. पैसे उशिरा दिले, ती तक्रार निराळी.

तेव्हापासून रंग फक्त सकाळी दारात ठरतो आणि लडीवर घाण्याचा आकडा असतो. एका शालीला लागणाऱ्या लडी एकाच घाण्यातल्या घ्या, असं आम्ही आधीच सांगतो. वेगळ्या घाण्यांतल्या घेतल्याच, तर दोन सुया एका गुंड्याच्या, दोन दुसऱ्याच्या अशा आलटून पालटून विणा, सांधा दिसत नाही. मोठं पातेलं घ्यावं असं अनेकदा मनात आलं. घेतलं नाही. पाच लडी मी दोन हातांनी उलटू शकते, वीस नाही.

ओल्या दिवसांचा अजून एक घोळ सांगायला हवा. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पिऊनही हाताला कोरडीच लागते. धुक्याच्या आठवड्यात शंभर ग्रॅम म्हणून तोललेली लड ग्राहकाच्या उबदार घरात कमी भरायची आणि मग खरमरीत पत्रं यायची. आता आम्ही लांबी मोजून देतो.

विणकाम सुटल्यावरचं काम मला सगळ्यात आवडतं, आणि त्यात माझा हात फक्त टाचण्या देण्यापुरता. सुईवरून उतरलेली लेस म्हणजे चुरगळलेलं पोतेरं असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, फसलं. आत्या ती कोमट पाण्यात बुडवते, टॉवेलमध्ये गुंडाळून उभी राहून पायाने दाबते, मग जाड चटईवर मधून बाहेर ताणत जाते. एक टोक, टाचणी. समोरचं टोक, टाचणी. जाळ्या उघडतात, लाटा सरळ होतात, शाल बघता बघता दीडपट होते. उन्हाळ्यात हे काही तासांत वाळतं, या दिवसांत दोन दिवस लागतात आणि त्या दोन दिवसांत त्या खोलीत कोणी पाय ठेवायचा नाही.

प्रत्येक घाण्याची एक लड आम्ही वर्षभर फळीवर राखून ठेवतो. ज्याची लोकर शेवटी कमी पडेल त्याच्यासाठी. प्रत्येक खुंटीला आकड्याची चिठ्ठी, आणि त्या लडींना हात लावायचा नाही हा नियम माझाच.

गेल्या आठवड्यात एका बाईंचं पत्र आलं. घाणा १७, अक्रोड आणि हिराकस. शाल झालीय, कडेच्या फक्त चार सुया राहिल्यात आणि लोकर संपली, काही होईल का? मी मोठ्या दिमाखात फळीकडे गेले. सतराच्या खुंटीला चिठ्ठी होती, लड नव्हती.

आत्या खिडकीत बसून टाके बंद करत होती. काळपट तपकिरी शाल, लाटांची.

"आत्या, किती उरलीय?"

तिने मांडीवरचा गुंडा वर न बघता उचलून दाखवला. लिंबाएवढा.

"चार सुयांना पुरेल," ती म्हणाली. "तिला म्हणावं, टाके सैल बंद कर."