'रंगीत लोकोत्सव (१ तास)'

गाडीचा एसी लावला की अजून गुलाल येतो. जोतिबाची यात्रा होऊन तीन आठवडे झाले. दोनदा गाडी वॉशिंगला घातली, सीटकव्हरं बदलली. तरी परवा बँकेचे एक साहेब पांढऱ्या शर्टात पुढं बसले, मी एसी लावला आणि साहेबांच्या छातीवर गुलाबी फवारा. मी आपलं 'चांगभलं' म्हणून बघितलं. साहेब हसले नाहीत.

कोल्हापुरात चौदा वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय. अंबाबाई, न्यू पॅलेस, पन्हाळा, संध्याकाळी रंकाळा, रात्री तांबडा-पांढरा. यात सांगण्यासारखं काही नाही. बाहेरच्याला माहीत नसतं ते एवढंच, की आमचा निम्मा दिवस पार्किंग शोधण्यात जातो आणि उरलेला 'नाही' म्हणण्यात. एप्रिलमध्ये येतात आणि किरणोत्सव दाखवा म्हणतात. मावळतीची किरणं देवीवर येतात ती नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर. रीलवर महिना लिहिलेला नसतो, त्याला मी काय करू?

ही ट्रिप एका एजन्सीकडून आली. कागदावर छापलेलं: 'वसंतातलं कोल्हापूर, २ रात्री ३ दिवस'. दुसऱ्या दिवसाखाली, 'जोतिबा चैत्र यात्रा, रंगीत लोकोत्सव (१ तास). नंतर पन्हाळा.' चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर लाखो माणूस असतं. एका तासात तिथं काढलेली चप्पल सापडत नाही. मी फोन करून सांगितलं, तर पलीकडचा पोरगा म्हणतो, "मामा, गेस्टला फोटो पाहिजेत, ॲडजस्ट करा." त्यानं जोतिबाचा डोंगर नकाशावर तरी बघितला असेल का, मला शंका आहे.

गाडीत चौघं होते. मुलगा, सून, दहावीचा पेपर संपवून आलेला नातू आणि आबा, वय चौऱ्याहत्तर. आबांचं गाव कराडकडचं, हयात मुंबईत गेली, आता मुलाकडं पुण्यात. वहिनींच्या पर्समध्ये आबांच्या गोळ्यांचा डबा होता, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला. अर्ध्या अर्ध्या तासाला पाणी, टोपी, "आबा, सावलीत बसा." त्यात सगळी मायाच होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून त्यांना कुणी नावं ठेवू नयेत.

वडणगे फाट्याला चहाला थांबलो. बाकीचे गाडीतच बसले, आबा माझ्याबरोबर उतरले. म्हणाले, "आमच्या गावची काठी असती मानाची. चाळीस वर्सं झाली, बघितली न्हाई." मग बशीत चहा ओतता ओतता, माझ्याकडं न बघता, "वर गर्दीत मी दिसलो न्हाई, तर लगीच बोंब मारू नगंस." मी हसलो. म्हातारी माणसं मस्करी करतात, तसं वाटलं.

तसं वाटलं की तसं वाटून घेतलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गाडी खाली पार्किंगला लावली, वर बसनं गेलो. दवण्याचा वास बसमध्येच सुरू झाला, प्रत्येकाच्या हातात दवण्याची पेंडी. वहिनींनी विचारलं, "ही कुठली भाजी?" जोतिबाला चैत्रात दवणा लागतो, म्हटलं. नातवानं तेवढ्यात देवळाचं विचारलं. आत्ताचं देऊळ १७३० साली ग्वाल्हेरच्या राणोजी शिंद्यांनी बांधलं, सांगितलं. त्याला ते आवडलं, टिपूनसुद्धा घेतलं. पोरगा चांगला होता.

आता सासनकाठीबद्दल सांगतो, कारण पर्यटक तिचा फोटो काढतात आणि नेमकं बघायचं ते त्यात येत नाही. काठी म्हणजे तीस-चाळीस फुटांचा, काही त्याहूनही उंच, रंगीत कापड गुंडाळलेला कळक, म्हणजे बांबू. एकशेआठ मानाच्या काठ्या, प्रत्येकीचा नंबर ठरलेला. पहिली साताऱ्याकडच्या निनाम पाडळीची, दुसरी पाटण तालुक्यातल्या विहेची. एक गडी बुडखा पेलतो आणि हलगीवर नाचवतो. लोक त्याच्याकडं बघतात, नाव त्याचं होतं. पण त्याला वरचं काही दिसत नाही. शेंडा कुठं झुकतोय हे बघतात ते दोर धरणारे. चारी बाजूंनी दोर, आणि डोंगरावर दुपारचा वारा असा, की एक बाजू ढिली पडली तर काठी माणसांवर येईल. दोर ओढून धरायचा नसतो. काठी जाईल तिकडं थोडा सोडायचा, परत येताना घ्यायचा, आणि हे सगळं मान वर करून, डोळ्यात गुलाल जात असताना. मामाच्या गावच्या काठीचा दोर मी पंधराव्या वर्षी धरलाय. दुसऱ्या दिवशी तळहाताला कातडं नव्हतं.

दुपारी काठ्यांची मिरवणूक सुरू झाली आणि अर्ध्या तासात आबा दिसेनात.

दादांनी फोन लावला. आबांचा मोबाईल वहिनींच्याच पर्समध्ये वाजला. पोलिसांच्या मदत केंद्रात गेलो, स्पीकरवरून पुकारलं, "अंगात पांढरा सदरा, पांढरी टोपी." पुकारणाऱ्यालाही कळत होतं की डोंगरावर पांढरं असं काहीच उरलेलं नाही. नवरा बायकोला ओळखत नाही, असा गुलाल. वहिनी रडायला लागल्या. बारा वाजताची गोळी राहिली, म्हणाल्या. आबांना मधुमेह आहे हे मला तेव्हा कळलं.

आबा कुठं असणार, हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. काठीला गावाचं नाव असतं. माणसं शोधायचीच नव्हती, काठी शोधायची होती. तरी मी दादांना म्हणालो, "तुम्ही इथंच थांबा, मी बघतो." काठीचं नाव काढलं नाही.

काठ्या जातात त्या यमाईच्या देवळाच्या वाटेवर सापडले. म्हणजे मला नाही, मीच त्यांना सापडलो. गुलालाच्या एका ढिगातून आवाज आला, "आलास व्हय?" डोळे आणि दात तेवढे माणसाचे. दोर मनगटाला एक वेढा देऊन धरलेला, शेजारी गावची दोन तरणी पोरं, आबांना आपल्यात धरून. मी म्हणालो, आबा, चला, वहिनी रडतायत. ते वर शेंड्याकडंच बघत होते. "यमाईपतूर जाऊ दे. मग चल म्हण."

खिशात फोन थरथरत होता. त्या डोंगरावर यात्रेत रेंज मिळत नाही, पण नेमकी तेव्हा मिळाली. अकरा मिस्ड कॉल. मी एकही उचलला नाही. "सापडले" हा एक शब्द सांगायचा होता. पण सांगितला असता तर दादा दहा मिनिटांत आले असते, आणि आबांच्या हातातनं दोर गेला असता. मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या बाजूनं चालत राहिलो, मूठभर खारीक-खोबरं खिशात कोंबलं, ते त्यांना चारत राहिलो. गोळीशिवाय ते गोड चारणं बरोबर की चूक, हेही मला ठाऊक नव्हतं. पाऊण तास. मध्ये एकदा त्यांचा पाय मुडपला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तेव्हा तरी फोन करायला पाहिजे होता.

खाली आलो तेव्हा पालखी निघाली होती आणि चांगभलंच्या गजरात काही ऐकू येत नव्हतं. वहिनींनी आधी आबांचं बोट टोचून मशीन लावलं. आकडा बघून त्यांनी डोळे मिटले. बरा होता की वाईट, मी विचारलं नाही. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या अर्ध्या रिकाम्या बाटलीकडं बघितलं. त्यांना कळलं असावं. नातू तेवढा आजोबांचा सोललेला तळहात उलटा-सुलटा करून बघत होता.

पन्हाळा राहिला. दुसऱ्या दिवशीचा अंबाबाईचा रथोत्सव बघायला म्हणून मुक्काम वाढवणार होते, तोही राहिला. पहाटेच निघाले. दादांनी पैसे पूर्ण दिले, वर एक अक्षर बोलले नाहीत. एजन्सीला मात्र लिहिलं, 'ड्रायव्हर बेजबाबदार'. एजन्सीनं हजार रुपये कापले. एक तासाचा लोकोत्सव ज्यानं छापला, त्याचं काही कापलं असेल असं वाटत नाही.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या वडलांना असं कुणी नेलं असतं तर? मी म्हणालो, बरंच वाटलं असतं. ती म्हणाली, "आणि काही झालं असतं तर?" मी जेवत राहिलो.

गेल्या रविवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आबा. नातवाच्या मोबाईलवरून बोलत होते, आवाज बारीक. पुढच्या वर्षीची चैत्री पौर्णिमा कधी आहे, विचारत होते. मी कॅलेंडर बघून कळवतो म्हणालो आणि विचारलं, "दादांना माहीत आहे का?"

फोन कट झाला. रेंज गेली असेल, म्हणून मी परत लावला नाही.