मुरानोच्या काचेची नोंदवही: आता फक्त सोमेर्सो

कपाटाचा मधला खण अखेर रिकामा झाला. मिलेफिओरीचे, म्हणजे फुलाफुलांच्या नक्षीच्या काचेचे वाडगे, फिलिग्रानाच्या, म्हणजे काचेत ओढलेल्या बारीक रेघांच्या दोन कुप्या, इटलीतल्याच एम्पोली गावची ती उंच हिरवी बाटली, सगळं विकायला काढलंय. यापुढे व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचेचा एकच प्रकार, सोमेर्सो, तेही साधारण १९५० ते १९७० या काळातलं. मिलानमधल्या दोन खोल्यांच्या घरात जागा किती हा प्रश्न आहेच, पण खरं कारण वेगळं. दहा प्रकारची काच थोडीथोडी बघून नजर तयार होत नाही. एकाच प्रकारची भरपूर बघितली की दुकानदार काय सांगतोय याची फार गरज उरत नाही.

नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी थोडक्यात: सोमेर्सो म्हणजे काचेत बुडवलेली काच. फुंकणीच्या टोकावर रंगीत काचेचा छोटा फुगा करायचा, तो दुसऱ्या रंगाच्या वितळलेल्या काचेत बुडवायचा, मग बहुतेक वेळा पारदर्शक काचेत. सगळे थर गरम झाल्यावर सारखेच प्रसरण पावणारे आणि गार होताना सारखेच आकसणारे हवेत. नाहीतर फुलदाणी थंड होतानाच तडकते, कधीकधी काही दिवसांनी सुद्धा. जाड काच म्हणून भट्टीतून काढल्यावर ती सावकाश निववावी लागते. वास्तुविशारद कार्लो स्कार्पाने मुरानोच्या वेनिनी या कारखान्यासाठी केलेलं सोमेर्सो १९३४ साली व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात मांडलं गेलं होतं. पण माझा जीव अडकलाय तो त्यानंतरच्या, सेगुसो वेत्री दार्ते या मुरानोच्याच कारखान्याच्या कामात. तिथला फ्लाविओ पोली स्वतः काच फुंकणारा नव्हता, तो आकार आणि रंग ठरवायचा. त्याच्या निळ्या-रुबी फुलदाणीला १९५४ साली, म्हणजे कोंपासो द'ओरो या इटलीतल्या डिझाइनच्या पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, तो पुरस्कार मिळाला. अंगावर एकही नक्षी नाही. दोन रंग आणि एक आकार, संपलं.

या महिन्याची भर: महिन्याच्या शेवटच्या रविवारी मिलानमधल्या नाविल्यो ग्रांदे कालव्याच्या काठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथली एक वीतभर उंचीची थेंबाच्या आकाराची फुलदाणी. आत गडद जांभळा, मग मधासारखा पिवळा, बाहेर पारदर्शक. विक्रेता नव्वद युरो म्हणाला, पासष्टला दिली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली, "अरे, एवढ्यात पितळेची समई आली असती." आली असती, खरंय.

बाजूने पाहिलं तर जांभळा रंग अख्ख्या फुलदाणीत भरलाय असं वाटतं. जाड पारदर्शक काच भिंगाचं काम करते आणि आतला रंग फुगवून दाखवते. वरून तोंडातून डोकावलं की खरा हिशोब कळतो. कडा कापून घासलेली आहे, त्यामुळे तिथे तिन्ही थर सुटे दिसतात: जांभळ्याची बारीक रेघ, पिवळ्याची तिच्याहून जाड, आणि मग बोटभर पारदर्शक. जांभळा-पिवळा एकमेकांत कुठेही ओघळलेला नाही. लहानपणी डोळ्याला लावून बघायचो त्या गोटीसारखी ती रेघ कितीही वेळ बघत बसावी.

तळ सपाट घासून चकाकी दिलेला. घडवताना तळाला चिकटवलेली लोखंडी सळई तोडल्याचा व्रण राहिलेला नाही, आणि चांगल्या सोमेर्सोत तो नसतोच बहुधा. टेबलावर टेकणाऱ्या भागावर बारीक चरे आहेत, वाटेल त्या दिशेने गेलेले. हेच मला हवं असतं. सगळे चरे एकाच दिशेने असतील तर कुणीतरी पॉलिश पेपर फिरवून म्हातारपण आणलंय असं समजावं.

घरी आल्यावर अंधारात यूव्ही टॉर्च मारला. पिवळा थर झगझगीत हिरवा पेटला, म्हणजे त्यात युरेनियम आहे. त्यावरून कुणी "मुरानो पक्कं" म्हणत असेल तर त्याला हसून सोडून द्या. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, एकोणिसाव्या शतकापासून युरेनियमची काच ढिगाने बनली. शिवाय तिथल्याच झेलेझ्नी ब्रोद गावची जाड थरांची चेक काच आजही मुरानो म्हणून खपते, आणि ती वाईट असते असंही नाही.

आतून तळाशी पाण्याचा पांढरा थर होता. कोमट पाण्यात पांढरं व्हिनेगर रात्रभर ठेवलं, सकाळी मऊ ब्रशने निघाला. गरम पाणी कधीच नाही, जाड काचेला तापमानाचा झटका सोसत नाही. घेण्याआधी बोट आत घालून बघायची सवय मात्र सगळ्यांनी लावून घ्या. बोट तेलकट झालं तर काच आतून कायमची धुरकटलेली असते आणि तेल लावून ते झाकलेलं असतं. वाळलं की धुकं परत वर येतं. गेल्या बाजारात दोन ठिकाणी बोटाला तेल लागलं.

आता नाव. विक्रेत्याने अर्थातच "सेगुसो!" म्हटलं. कुठलं सेगुसो? आर्किमेदे सेगुसोने १९४६ साली स्वतःची भट्टी काढली, त्यामुळे एका आडनावाच्या आडोशाला दोन वेगळे कारखाने लपतात, हा आणि वरचा सेगुसो वेत्री दार्ते. माझ्या फुलदाणीवर सही नाही, कागदी लेबल नाही. लेबल असतं तरी मी हुरळलो नसतो, लेबलं एका वस्तूवरून दुसरीवर जातात. जांभळ्या-पिवळ्याची जोडी आणि जड पारदर्शक आवरण बघून मन मुरानोच्या चेनेदेसे कारखान्याकडे, तिथल्या आंतोनिओ दा रोस या डिझायनरच्या साठच्या दशकातल्या कामाकडे झुकतंय. तरी वहीत "मुरानो, सोमेर्सो, नाव नाही" एवढंच लिहिलंय. विकताना पैसे कमी येतील, येऊ देत.

पुढची फेरी तोस्कानातल्या अरेत्सो शहराला, तिथे महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि आदल्या शनिवारी बाजार असतो. कुणाकडे दा रोसची खात्रीची फुलदाणी असेल तर कडेचा वरून काढलेला फोटो पाठवा. बाजूचा नको, त्यात सगळ्याच सुंदर दिसतात.